बारीक नसेसाठी औषधी बलून की स्टेंट: वर्ध्याकडच्या एका औषध-दुकानदाराचे परीक्षण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नसांपैकी ज्यांचा व्यास साधारण पावणेतीन मिलिमीटरच्या आत असतो, अशा बारीक नसांतील अडथळा दूर करण्यासाठी सध्या दोन साधने वापरली जातात. एक म्हणजे औषधाचा लेप असलेला स्टेंट, ज्याला आपल्या खेड्यापाड्यांत जाळी किंवा स्प्रिंग म्हणतात. आणि दुसरे म्हणजे औषधाचा लेप असलेला बलून, जो नसेत फुगवून, औषध भिंतीला लावून, पुन्हा बाहेर काढून घेतला जातो. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. नागपूर, सावंगी किंवा सेवाग्रामहून हृदयावर उपचार घेऊन परतलेल्या माणसाचे पुढचे वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य गोळ्यांच्या पाकिटांच्या रूपाने माझ्यासमोरून जात असते, आणि माझ्या स्वतःच्या घरातही हे दोन्ही उपचार झालेले आहेत: थोरल्या भावाला स्टेंट, आत्याला बलून. माझे मत आधीच सांगून टाकतो. नस खरोखर बारीक असेल आणि ती आधी साध्या बलूनने नीट मोकळी करून घेता आली असेल, तर ग्रामीण भागातल्या रुग्णासाठी औषधी बलून हा स्टेंटच्या तोडीचा आणि काही बाबतींत अधिक सोयीचा उपचार आहे. या दोहोंपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, तर स्टेंटच घ्यावा.

औषधी बलूनची गल्लत जुन्या साध्या बलूनशी करू नये. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयाची नस पहिल्यांदा बलूनने रुंदावली, तेव्हा तो बलून नुसताच होता. त्यावर कोणतेही औषध नव्हते. त्या पद्धतीत दोन अडचणी होत्या. फुगवलेली भिंत काही वेळा लगेच परत आकसायची किंवा फाटून नस बंद व्हायची, आणि ज्यांचे सुरुवातीला चांगले व्हायचे त्यांच्यातही पुष्कळांची नस काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. १९८६ मध्ये आलेल्या धातूच्या स्टेंटने पहिली अडचण बरीचशी सोडवली, परंतु भिंतीच्या आत नव्या पेशींचा थर वाढून जाळीतच पुन्हा अडथळा तयार होण्याचा दोष राहिला. त्यावर उपाय म्हणून जाळीवर पेशींची वाढ रोखणारे औषध चढवण्यात आले. आजचे चांगले स्टेंट कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूचे असतात, त्यांच्या तारांची जाडी बहुधा ६० ते ८० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि त्यावरील सिरोलिमस, एव्हरोलिमस किंवा झोटारोलिमस हे औषध काही महिने हळूहळू सुटत राहते. औषधी बलूनमध्ये धातू नसतो. त्यावर बहुधा पॅक्लिटॅक्सेल हे औषध असते. बलून अर्धा ते एक मिनिट फुगवून ठेवला की ते भिंतीत शिरते, कारण हे औषध चरबीत सहज विरघळते व ऊतींना धरून राहते. बलून काढल्यावर नसेत काहीही उरत नाही.

बारीक नसेचा प्रश्न वेगळा का, हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. समजा, उपचारानंतर नसेच्या आत सर्व बाजूंनी ०.३ मिलिमीटरचा नवा थर चढला. साडेतीन मिलिमीटरच्या नसेचा व्यास त्यामुळे २.९ मिलिमीटर होतो आणि रक्त वाहण्याची जागा सुमारे ३१ टक्क्यांनी घटते. रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. तोच थर सव्वादोन मिलिमीटरच्या नसेत चढला, तर व्यास १.६५ मिलिमीटर उरतो आणि जागा सुमारे ४६ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे शरीराची प्रतिक्रिया सारखीच, परंतु बारीक नस ती सोसू शकत नाही. त्यात आणखी जाळीच्या तारांची स्वतःची जाडी जागा व्यापते. ही अडचण मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत अधिक दिसते, कारण त्यांच्या नसा तुलनेने बारीक असतात. माझ्याकडे रक्तदाब व साखरेच्या गोळ्या नेणाऱ्यांची यादी पाहिली की हा विषय मला आपल्या भागासाठी फार जवळचा वाटतो.

आता पुराव्याकडे वळतो, कारण एखाद्याला बरे वाटले म्हणून उपचार चांगला ठरत नाही. या विषयातील सर्वांत वजनदार अभ्यास मी बास्केट-स्मॉल २ हा मानतो. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियामधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांची नस तीन मिलिमीटरहून बारीक होती अशा ७५८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. ३८२ जणांना पॅक्लिटॅक्सेलचा बलून आणि ३७६ जणांना औषधी स्टेंट मिळाला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा त्याच नसेवर पुन्हा उपचार, यांपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण बलून गटात ७.५ टक्के आणि स्टेंट गटात ७.३ टक्के होते. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत ते १५ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण बलूनकडे २ आणि स्टेंटकडे ४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरता सिद्ध झाला नाही, तरी रक्तस्रावाची भीती असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मात्र या अभ्यासाची एक अट अनेक जण सांगत नाहीत. साध्या बलूनने नस आधी व्यवस्थित मोकळी झाली, अशाच रुग्णांना त्यात घेतले होते. ज्यांची पूर्वतयारी जमली नाही ते बाहेर राहिले. म्हणून ‘बलून आणि स्टेंट सारखेच’ हे वाक्य त्या अटीसकटच उच्चारले पाहिजे.

सगळे बलून एकसारखे नसतात, ही गोष्ट मला दुकानदार म्हणून विशेष महत्त्वाची वाटते, कारण एकाच घटकाच्या दोन गोळ्यांना आपण सहसा समान मानतो. बलूनच्या बाबतीत तसे चालत नाही. पिकोलेटो या इटलीतील जुन्या अभ्यासात त्या काळचा एक बलून स्टेंटपेक्षा इतका कमी पडला की ५७ रुग्णांनंतरच काम थांबवावे लागले. नंतर त्या अपयशाची चिकित्सा करताना पूर्वतयारी अपुरी असल्याकडे आणि बलूनवरील लेपाच्या गुणवत्तेकडे तज्ज्ञांनी बोट दाखवले. त्याच मंडळींनी पुढे नव्या पिढीचा बलून घेऊन पिकोलेटो २ हा अभ्यास केला, तेव्हा सहा महिन्यांनी नसेचा व्यास बलून गटात सरासरी ०.०४ मिलिमीटरने आणि स्टेंट गटात ०.१७ मिलिमीटरने घटलेला आढळला. म्हणजे या मोजमापात बलून सरस ठरला. औषध तेच होते, बदलला तो लेप आणि कामाची पद्धत. सिरोलिमसचा बलून हा त्यापुढचा प्रयत्न आहे, आणि त्यात सुरतच्या कन्सेप्ट मेडिकल या कंपनीचा मॅजिकटच हा भारतीय बलून जगभर चर्चेत आहे, याचा अभिमान वाटतो. तथापि बारीक नसांवरील ट्रान्सफॉर्म १ या अभ्यासात सहा महिन्यांनी नसेच्या व्यासात टिकून राहिलेली वाढ मॅजिकटच गटात ०.२५, तर पॅक्लिटॅक्सेलच्या सिक्वेंट प्लीज निओ या बलूनकडे ०.४८ मिलिमीटर होती. अभिमान आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे. बारीक नसेसाठी ज्या बलूनच्या पाठीशी मोठा अभ्यास उभा आहे तोच वापरला जाणार आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही. पॅक्लिटॅक्सेलविषयी २०१८ मध्ये पायांच्या नसांवरील उपचारांच्या संदर्भात मृत्यूदराची शंका निघाली होती. पुढील मोठ्या माहितीत ती टिकली नाही आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये आपला इशारा मागे घेतला.

आत्याचा उपचार नागपूरला झाला. वय सत्तरीच्या आसपास, जुना मधुमेह, पोटातल्या व्रणामुळे पूर्वी एकदा रक्त गेलेले, आणि चालताना छातीत दडपण. अँजिओग्राफीत मुख्य नसा ठीक होत्या. बाजूच्या एका फांदीत अडथळा होता. तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली ती मला फार मोलाची वाटते. नस मोजण्यापूर्वी त्यांनी नस सैल करणारे नायट्रोग्लिसरीन आत सोडले, कारण आकसलेली नस पडद्यावर आहे त्यापेक्षा बारीक दिसते, आणि त्या चुकीच्या मापावर साधन निवडले तर लहान मापाचा बलून किंवा स्टेंट आत जातो. मग त्यांनी आम्हाला काचेपलीकडून पडदा दाखवला आणि आत्याला सांगितले, “आजी, आधी साधा बलून फुगवून पाहतो. नस नीट मोकळी झाली तर औषधाचा बलून लावून काम संपेल. फाटली किंवा परत आकसली तर जाळी टाकावी लागेल. दोन्हींची तयारी आहे.” आत्याने मान डोलावली. पुढे काय घडू शकते हे तिला आधीच ठाऊक होते, म्हणून ती घाबरली नाही.

ही पूर्वतयारी म्हणजेच बलून उपचाराचा गाभा आहे, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. साधा बलून नसेच्या मापाइतकाच घ्यावा लागतो, फार लहान घेऊन चालत नाही. फुगवल्यानंतर उरलेली अरुंदता ३० टक्क्यांच्या आत असावी, रक्ताचा प्रवाह पूर्ण वेगाने असावा, आणि भिंतीला पडलेली चीर प्रवाह अडवणारी नसावी. लहानशी चीर चालते, किंबहुना औषध आत शिरण्यासाठी ती काही अंशी उपयोगीच पडते असे मानले जाते. मोठी चीर दिसली तर मात्र स्टेंट टाकण्यावाचून गत्यंतर नसते. अभ्यासांत औषधी बलूनच्या वाट्याला आलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते सात जणांना अशा रीतीने ऐनवेळी स्टेंट लागला. याचा अर्थ उपचार फसला असा नव्हे; बलून गटात असूनही स्टेंट लागू शकतो, हे आधीच मान्य करून आत जायचे असते. ज्या नसेत चुना साचून भिंत दगडासारखी कडक झाली आहे, तिथे औषध आत शिरतच नाही, आणि साध्या बलूनने ती मोकळीही होत नाही. तिथे धारदार पाती असलेला बलून किंवा अन्य साधने आधी वापरावी लागतात. औषधी बलून रक्तात उतरवल्यापासून औषध धुऊन जाऊ लागते, म्हणून तो फार वेळ न रेंगाळता जागेवर पोहोचवावा लागतो. हे काम सरावाचे आहे. त्यामुळे माझ्या दृष्टीने ‘कोणता बलून’ या प्रश्नाइतकाच ‘या डॉक्टरांनी बारीक नसांत औषधी बलून किती वेळा वापरला आहे’ हा प्रश्न वजनदार आहे. आत्याने नंतर सांगितले की बलून फुगवलेला असताना छातीत जोराचे दडपण आले आणि बलून सैल करताच गेले. तेवढा वेळ नसेतला रक्तप्रवाह थांबलेला असतो, म्हणून तसे होणे स्वाभाविक आहे, आणि रुग्णाला ते आधी सांगून ठेवणे हे चांगल्या सेवेचे लक्षण आहे.

आता माझ्या काउंटरवरचा विषय, म्हणजे गोळ्या. स्टेंट टाकल्यावर त्याच्या तारांवर शरीराचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. झटका न येता, केवळ चालताना छातीत दुखते म्हणून स्टेंट टाकला असेल, तर दोन्ही गोळ्या सर्वसाधारणपणे सहा महिने दिल्या जातात. अशाच स्थितीत केवळ औषधी बलून वापरला असेल, तर साधारण एक महिना पुरेसा मानला जातो. झटका येऊन गेलेला असेल तर मात्र दोन्ही उपचारांनंतर बारा महिने हाच सर्वसाधारण नियम आहे, कारण तिथे धोका एका जागेचा नसून रुग्णाच्या एकूण प्रकृतीचा असतो. रक्तस्रावाची भीती फार असेल तर नव्या स्टेंटनंतरही दुसरी गोळी एक ते तीन महिन्यांत थांबवण्याचा पर्याय आता डॉक्टर वापरतात, त्यामुळे दोन्ही साधनांतील हे अंतर पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही. ॲस्पिरिन बहुतेकांना पुढेही चालूच ठेवावी लागते.

कागदावर सहा महिने आणि एक महिना एवढाच फरक दिसतो. आपल्या भागात तो फरक खरिपाच्या एका हंगामाएवढा असतो. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की घरातला प्रत्येक माणूस पहाटेपासून वावरात असतो, तालुक्याला येणे लांबते आणि पाकीट संपलेले राहून जाते. सर्वांत जास्त घात मात्र बरे वाटण्याने होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी मला विचारले होते, “भाऊ, आता छातीत काईच दुखत नाई, मंग ह्या गोळ्या कायले खाऊ?” त्यांना मी समजावले आणि त्यांनी ऐकले, दुसऱ्या एका गृहस्थांनी मात्र दात काढण्यासाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन्ही गोळ्या एकदम बंद केल्या, त्या परत सुरूच केल्या नाहीत, आणि बारीक नसेतला स्टेंट बंद पडून त्यांना नागपूरला हलवावे लागले. ते वाचले, परंतु हृदयाचा जो भाग दुखावला तो परत आला नाही. गोळ्यांची अशी आबाळ जिथे होऊ शकते, तिथे आत काहीही न ठेवणारा उपचार मला अधिक सुरक्षित वाटतो. विळ्याने हात कापणे, बैलाचा मार लागणे, हर्नियाचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरणे, या गोष्टी आपल्याकडे नेहमीच्या आहेत, आणि अशा वेळी दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला रुग्ण गावच्या डॉक्टरांनाही अवघड जातो. माझी कळकळीची विनंती आहे की स्टेंट असलेल्या कोणत्याही माणसाने दाताच्या, डोळ्याच्या किंवा अन्य कोणाच्याही सांगण्यावरून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, गोळी थांबवू नये. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन फार स्वस्तात मिळतात. माझे गिऱ्हाईक तिकडे गेले तरी मला चालेल, पण गोळी चुकता कामा नये.

आत्याला दुसरी गोळी महिनाभर दिली आणि मग बंद केली. तिच्या पोटाचा इतिहास पाहता घरातल्या सर्वांच्या मनावरचा तो मोठा भार उतरला. दडपण गेले, आणि ती पुन्हा परसबागेत व गावातल्या भजनाला जाऊ लागली.

खर्चाच्या बाबतीत चित्र उलटे होऊ शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, त्यापूर्वी त्याच वस्तूसाठी लाखाच्या वर पैसे मोजावे लागत. ही कमाल किंमत नंतर वेळोवेळी बदलत आली आहे. तो आदेश मात्र स्टेंटपुरता होता. औषधी बलून त्यात नव्हता. त्यामुळे आत काही राहणार नाही म्हणून बलून स्वस्तच असणार, असे गृहीत धरू नये, आणि ऐनवेळी स्टेंटही लागला तर दोन्हींचा खर्च येऊ शकतो हेही आधी विचारून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने अमरावती व गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, तिच्यात आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, जाऊन, आपल्या रुग्णासाठी सुचवलेले साधन योजनेत बसते की त्याचा फरक आपल्याला भरावा लागेल, हे स्पष्ट विचारावे. शेतकरी कुटुंबाला रात्रीतून पैसे उभे करणे किती कठीण असते, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न मी दुय्यम मानत नाही.

थोरल्या भावाच्या वेळी सेवा मात्र समाधानकारक नव्हती. रुग्णालयाचे नाव घेत नाही. कॅथलॅबच्या, म्हणजे जिथे अँजिओग्राफी व हे उपचार करतात त्या खोलीच्या, दाराशी कागद पुढे करून सही मागण्यात आली, नस किती मिलिमीटरची आहे, कोणता स्टेंट, दुसरा पर्याय आहे का, यांपैकी काहीही सांगितले गेले नाही, आणि सुटीच्या कार्डावर केवळ ‘स्टेंट टाकला’ एवढेच होते. स्टेंटच्या किमतीसंबंधीच्या सरकारी आदेशाप्रमाणे बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचे व उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे यायला हवा. तो आम्हाला मागून घ्यावा लागला. उपचार चांगला झाला होता, भाऊ आज शेतात उभा आहे, तरी माहिती न देण्याचे समर्थन त्याने होत नाही. पुढे कधी छातीत दुखून दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना नसेचे नाव, साधनाचे माप आणि अँजिओग्राफीची सीडी लागते. यासाठी कोणाला हात जोडावे लागू नयेत. तो रुग्णाचा हक्क आहे.

बलून की स्टेंट हा प्रश्न विचारण्याआधी, काही करण्याची गरज आहे का, हा प्रश्न विचारायला हवा. बारीक फांदी हृदयाच्या लहानशा भागालाच रक्त पुरवते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या अभ्यासात, ज्यात भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते, प्रकृती स्थिर असलेल्यांना आधी अँजिओग्राफी व त्यानुसार उपचार देऊन मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. ज्यांना छातीत दुखत होते त्यांचे दुखणे मात्र नक्की कमी झाले. म्हणून आत्याच्या डॉक्टरांनी प्रथम गोळ्यांचा पुरेसा प्रयत्न केला आणि तरीही दडपण राहिले तेव्हाच बलूनचा विचार केला, हे मला योग्य वाटते. फांदीतला अडथळा केवळ सीडीवर दिसतो म्हणून घाईने काही करून घेऊ नये. नसेतील दाब मोजून अडथळा खरोखर रक्त अडवतो का हे पाहता येते, आणि ते माप ०.८० किंवा त्याहून कमी आले तरच अडथळा महत्त्वाचा मानतात. मधुमेह असून अनेक मुख्य नसांत आजार असेल, तर बलून व स्टेंट दोन्ही बाजूला ठेवून बायपासविषयी बोलावे. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात अशा १,९०० रुग्णांत शस्त्रक्रियेचे फळ अधिक चांगले आले होते. आणि ज्याला आत्ता या क्षणी झटका येत आहे, त्याच्या घरच्यांनी या तुलनेत एक मिनिटही घालवू नये. जवळचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

बलूनची बाजू घेताना एक सावधगिरी आवर्जून सांगतो, कारण आत काही राहत नाही हे ऐकून काही कुटुंबे सरसकट बलूनच हवा असा आग्रह धरू लागली आहेत. चीनमध्ये २,२७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या रेक-केजफ्री १ या अभ्यासात नसेच्या मापाची अट न घालता दोन्ही साधनांची तुलना केली, तेव्हा दोन वर्षांत त्या जागेशी संबंधित गंभीर घटना बलून गटात ६.४ टक्के आणि स्टेंट गटात ३.४ टक्के निघाल्या. हा फरक मुख्यतः मोठ्या नसांतून आला; बारीक नसांच्या उपगटात दोन्ही जवळजवळ सारखे होते. मोठ्या नसेत स्टेंट ताठ उभा राहतो, भिंतीला आधार देतो, आणि चढणारा थर सोसण्याइतकी जागाही तिथे असते. बलूनचे फायदे तिथे तोकडे पडतात. दुसरीकडे स्टेंटची जबाबदारीही पहिल्या वर्षात संपत नाही, त्यानंतरही दरवर्षी शंभरात सुमारे दोन रुग्णांना त्या जागेचा त्रास होत राहतो, आणि जिथे जाळी बसली आहे त्या भागावर पुढे बायपासची नस जोडता येत नाही. भावाची समोरची मुख्य नस साडेतीन मिलिमीटरची होती. मधल्या काळात माहिती कितीही वाढली असली, तरी आज तोच अडथळा त्याच जागी असता, तर त्याच्यासाठी मी पुन्हा स्टेंटच मागितला असता. फक्त नसेचे माप आणि स्टेंटचे नाव सही करण्यापूर्वी विचारले असते.